बाळंतपणानंतर कचेरीची नोकरी : सोय आणि पूर्वतयारी

परळ-लालबाग भागात एके काळी दिवसाचे तास गिरण्यांचे भोंगे ठरवीत असत. आज तेथील अनेक घरांचे वेळापत्रक रुग्णालयांच्या पाळ्यांवर चालते. १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय, त्याच वर्षीचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि १९४१ पासूनचे टाटा स्मारक रुग्णालय ही एकमेकांच्या शेजारीच उभी आहेत. रुग्णालयातील परिचारिकेला सकाळ, दुपार व रात्र अशा पाळ्या कराव्या लागतात. दादरच्या दुकानांतून विक्रीचे काम करणाऱ्या स्त्रीचा दिवस तर दुकानाचे दार ओढून घेईपर्यंत संपत नाही. मूल झाले की या वेळा जड वाटू लागतात आणि घरातील वडीलधारी मंडळी सुचवितात, ‘टायपिंग शिकून घे, एखाद्या कचेरीत लाग.’

गिरगाव-दादरला हा सल्ला नवा नाही. तेथील टंकलेखन वर्गांतून कित्येक पिढ्यांच्या मुली कचेऱ्यांत गेल्या. लालबागेत कुलुपांच्या कारखान्यापासून आरंभ करणाऱ्या गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले, हाही या परिसराच्या अभिमानाचा विषय. ते यंत्र आता राहिले नाही. राज्यात यंत्रावरील टंकलेखनाची शेवटची परीक्षा २०१७ मध्ये झाली व तिची जागा संगणक टंकलेखनाने घेतली. अट मात्र तीच आहे. शासनातील लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचे मिनिटाला ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. लघुटंकलेखकाला त्याखेरीज लघुलेखनाचा ८० शब्दांचा वेग हवा, तर निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० शब्दांचा. टंकलेखनाचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा असल्याने प्रसूती रजा संपण्याच्या सुमारास तो सुरू करून रुजू होताच नोकरी बदलता येईल, हा हिशेब सहसा जुळत नाही. लघुलेखनाला तर त्याहून अधिक चिकाटी लागते.

पूर्वी काही ठिकाणी स्त्रीला नोकरी सोडण्यास नियमच भाग पाडीत. मुंबईतील एका औषध कंपनीत अविवाहित कामगार स्त्रीने विवाह करताच सेवा सोडावी, अशी अट होती. बॉम्बे लेबर युनियनच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ती अवाजवी ठरविली. आता तिला घरी बसविणारा नियम नाही. कामाच्या वेळाच तिला बाहेर काढतात. म्हणूनच ‘कचेरीची वेळ’ म्हणजे नेमकी किती, हे आधी पाहिले पाहिजे.

राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला. मुंबईतील कार्यालयांची पावणेदहा ते साडेपाच ही वेळ त्यामुळे पावणेदहा ते सव्वासहा झाली. तान्ह्या मुलाच्या आईला यातून सर्व शनिवार मिळाले, पण रोजची संध्याकाळ पाऊण तासाने आखडली. गिरगावात राहणारी स्त्री मंत्रालयातून निघून दिवेलागणीला घरी पोहोचू शकते. जागेअभावी डोंबिवली-विरारकडे गेलेल्या कुटुंबातील स्त्रीला त्याच वेळेचा तेवढा उपयोग नाही. कचेरीची नोकरी कुटुंबाला सोयीची ठरते ती बव्हंशी घर जवळ असेल तेव्हा, आणि ही गोष्ट सल्ला देणारे क्वचितच लक्षात घेतात.

शिवाय कचेरीतील सर्व पदे सारखी नसतात. नियमित शाखेतील लिपिकाची वेळ बरीचशी ठरलेली असते. अधिकाऱ्याच्या स्वीय सहायकाची वेळ मात्र अधिकाऱ्याबरोबर चालते. विधिमंडळाचे अधिवेशन असले की मंत्रालयातील दिवे उशिरापर्यंत जळतात, आणि हिवाळी अधिवेशनासाठी कर्मचाऱ्यांना नागपूरला मुक्काम करावा लागतो. पगार व मान अधिक म्हणून लघुलेखकाचे पद पत्करणाऱ्या मातेने याचा विचार आधी करावा.

राजीनामा देण्यापूर्वी हाती असलेल्या सवलती तपासून पाहणे आवश्यक आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमातील बारा आठवड्यांची रजा २०१७ च्या सुधारणेने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली. कामाचे स्वरूप तसे असल्यास रजेनंतर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची तरतूदही तिच्यात आहे. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला अंगावर पाजण्यासाठी रोज दोन वेळा जादा विश्रांती मिळते. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिल्या. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. रुग्णालयातील पाळी वर्षभर बदलून मिळाली, तर कित्येकदा नोकरी बदलण्याचे कारणच उरत नाही.

घाईच्या राजीनाम्याने होणारे नुकसान लगेच जाणवत नाही. उपदानासाठी सामान्यतः सलग पाच वर्षांची सेवा लागते. त्यापूर्वीच नोकरी सोडणारी स्त्री ती रक्कम गमावू शकते. शासकीय सेवेत तर परिचारिकेची लिपिक म्हणून बदली होत नाही. त्यासाठी नव्याने स्पर्धा परीक्षा द्यावी लागते आणि खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांची वयोमर्यादा असते. निवृत्तिवेतन नियम, १९८२ प्रमाणे राजीनाम्याने मागील सेवा जप्त होते. रीतसर परवानगी घेऊन दुसऱ्या शासकीय पदावर जाण्यासाठी दिलेला राजीनामा त्याला अपवाद आहे. म्हणून अर्ज आपल्या कार्यालयामार्फतच करावा. कार्यालय प्रमुखांनीही असे अर्ज अडवून ठेवू नयेत.

राहिला प्रश्न पाळणाघराचा. पूर्वी कारखान्यात स्त्री कामगारांची ठराविक संख्या भरली तरच ते काढावे लागे, आणि १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणली गेली. २०१७ च्या सुधारणेने पन्नास वा अधिक कर्मचारी, मग ते स्त्रिया असोत वा पुरुष, असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली व आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. मुलाखतीत पगाराबरोबर पाळणाघराची चौकशी करणे उमेदवाराला संकोचाचे वाटते. वास्तविक नियुक्तीच्या वेळीच अशा प्रत्येक लाभाची लेखी माहिती तिला देणे, हे त्याच सुधारणेने मालकाचे कर्तव्य ठरविले आहे.