डिझायनरचा अंदाज की वापरणाऱ्याची साक्ष?

नवं ॲप असो, मुलांचा कार्यक्रम असो की खुर्ची, ती घडवणाऱ्यांच्या बैठकीत एक वाद हमखास रंगतो. एक जण म्हणतो, "लोकांना काय विचारायचं? त्यांना हातात दिल्याशिवाय काही कळत नाही." दुसरा म्हणतो, "तुम्हाला काय वाटतं ते राहू द्या, आकडे काय म्हणतात ते सांगा." पहिल्याच्या पोतडीतून हेन्री फोर्ड आणि स्टीव्ह जॉब्ज निघतात, दुसऱ्याच्या पोतडीतून तक्ते. दोन्हीकडचे दाखले इतक्या वेळा उगाळले गेले आहेत, की ते मुळात कितपत खरे हे कोणी तपासत नाही. त्यातल्या सात समजुती इथे पारखून पाहू.

गैरसमज १ : फोर्ड म्हणाले होते, लोकांना विचारलं असतं तर त्यांनी जास्त वेगाचा घोडाच मागितला असता.

वस्तुस्थिती : फोर्ड असं म्हणाल्याचा पुरावा सापडलेला नाही. उलट त्यांची खरी कहाणी या वाक्याच्या विरोधात जाते. १९०८ मध्ये ८५० डॉलरला आलेली मॉडेल टी १९२०च्या दशकात ३०० डॉलरच्या खाली उतरली. त्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून जास्त फोर्डच्या होत्या. तोवर स्वस्त आणि दणकट गाडी ही लोकांचीच गरज होती आणि फोर्ड यांनी ती अचूक ओळखली होती.

पुढे गरज बदलली. अल्फ्रेड स्लोन यांच्या जनरल मोटर्सने रंग दिले, दरवर्षी नवं रूप दिलं, हप्त्यांची सोय केली. फोर्ड मात्र १९१४ ते १९२५ या काळात काळ्या रंगापलीकडे गेले नाहीत. शेवटी १९२७ मध्ये मॉडेल टी बंद करावी लागली आणि नव्या गाडीची तयारी होईपर्यंत उत्पादन काही महिने थंडावलं. ज्या अंदाजाने त्यांना वर नेलं, तोच जुना झाल्यावरही बदलला नाही म्हणून घात झाला.

गैरसमज २ : ॲपलमध्ये सगळं जॉब्ज यांच्या नजरेवर चालायचं, चाचण्या कोणी घेत नसे.

वस्तुस्थिती : दाखवल्याशिवाय लोकांना आपल्याला काय हवं ते सांगता येत नाही, या अर्थाचं जॉब्ज १९९८च्या एका मुलाखतीत बोलले होते हे खरं. पण त्यांचा रोख बाजार-पाहणीवर होता. 'तुम्हाला कसा कॉम्प्युटर हवा?' हा प्रश्न वेगळा. कॉम्प्युटर समोर ठेवून माणूस कुठे अडखळतो ते पाहणं वेगळं. हे दुसरं काम ॲपलमध्ये आधीपासून होत होतं. लिसा हा कॉम्प्युटर १९८३ मध्ये आला. त्याआधी तिथले लॅरी टेस्लर यांनी नवख्या माणसांना त्यापुढे बसवून चाचण्या घेतल्या.

त्यातला एक किस्सा मॅकिन्टॉशचे अभियंते अँडी हर्ट्झफेल्ड यांनी नोंदवून ठेवला आहे. पडद्यावर येणाऱ्या सूचनेखाली दोन बटणं असत : 'कॅन्सल' आणि 'डू इट'. लोक सरळ काम पुढे न्यायचं सोडून 'कॅन्सल' दाबत होते. असं का, ते कळेना. शेवटी एक जण वैतागलेला दिसला, तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, हे यंत्र मला 'डोल्ट' का म्हणतंय? डोल्ट म्हणजे मठ्ठ. त्या टंकात दोन शब्दांमधली जागा बारीक होती आणि रोमन लिपीतला मोठा 'आय' छोट्या 'एल'सारखा दिसत होता. बटणावर 'ओके' आलं आणि प्रश्न मिटला. ही चूक टेबलाभोवती बसलेल्या हुशार मंडळींना दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे काय लिहिलंय हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

जिथे ही काळजी सुटली, तिथे ॲपललाही फटका बसला. १९९८च्या आयमॅकबरोबर आलेला चकतीसारखा गोल माउस दिसायला देखणा होता, पण हातात धरल्यावर त्याचं तोंड कुठे आहे हे कळत नसे. दोन वर्षांत तो बदलला.

गैरसमज ३ : वॉकमन म्हणजे निव्वळ एका माणसाच्या अंतःप्रेरणेचा विजय.

वस्तुस्थिती : निम्मी गोष्ट खरी आहे. विमानप्रवासात गाणी ऐकता यावीत असं सोनीचे सहसंस्थापक मासारू इबुका यांना वाटत होतं. दुसरे सहसंस्थापक अकिओ मोरिता यांनी ती कल्पना उचलून धरली. रेकॉर्डिंग न करणारं टेप-यंत्र कोण घेणार, असं कंपनीतले लोक म्हणत होते. बाजार-पाहणी न करता ३३,००० येन किमतीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी बाजारात आला. ३०,००० यंत्रं तयार ठेवली होती. पहिल्या महिन्यात त्यातली जेमतेम ३,००० गेली, पण ऑगस्ट संपेपर्यंत सगळी संपली.

आता दुसरी निम्मी. मोरिता यांनी नमुना घरी नेला आणि कानाला लावून बसले. त्यांच्या पत्नीला ते रुचलं नाही. नवरा समोर असून नसल्यासारखा झाला होता. म्हणून पहिल्या वॉकमनमध्ये दोन हेडफोन लावायची सोय आणि संगीत मंद करून एकमेकांशी बोलण्यासाठी एक नारिंगी बटण आलं. विक्री सुरू झाल्यावर दिसलं, की लोकांना तो एकट्यानेच ऐकायचा आहे. मग पुढच्या मॉडेलांमधून ते बटण गेलं. 'लोकांना चालता-चालता गाणी ऐकायची आहेत' हा मोठा अंदाज बरोबर ठरला, 'सोबतीला कोणी नसेल तर ते खटकेल' हा छोटा अंदाज चुकला. पहिल्याची खात्री कुठल्याही चाचणीने दिली नसती. दुसऱ्याची चूक मात्र प्रत्यक्ष वापरातूनच कळली.

गैरसमज ४ : चाचणी म्हणजे लोकांना विचारणं, ते सांगतील तसं करायचं.

वस्तुस्थिती : आपण एखादी गोष्ट का निवडली हे माणसाला बऱ्याचदा सांगता येत नाही, पण कारण मात्र तो झटकन देतो. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीने ठेवले होते. चारही हुबेहूब सारखे. तरी सर्वांत उजवीकडच्या जोडाला सर्वांत डावीकडच्याच्या जवळपास चौपट पसंती मिळाली. का निवडला, असं विचारल्यावर लोकांनी वीण, पोत, दर्जा अशी कारणं दिली. जागेमुळे निवडला असं कोणीच म्हणालं नाही.

ऑक्सो या कंपनीच्या मापाच्या भांड्याची गोष्टही अशीच. मापाच्या भांड्यात काय खटकतं, असं विचारलं तर लोक फुटतं, गरम लागतं, तेलकट हाताने निसटतं असं सांगत. पण वापरताना पाहिलं तर ते ओतत, वाकून पाहत, पुन्हा थोडं ओतत आणि पुन्हा वाकत. या वाकण्याची तक्रार कोणीच केली नव्हती, कारण ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. वरून पाहिलं तरी माप वाचता येईल अशी तिरपी पट्टी असलेलं भांडं त्यावरचा उपाय ठरलं. दुखतं कुठे हे रोग्याकडे पाहूनच कळतं. पण औषध कोणतं, हे ठरवायला त्याला सांगत नाहीत.

गैरसमज ५ : चाचणीत पसंती मिळाली, म्हणजे काम फत्ते.

वस्तुस्थिती : कोका-कोलाने नवी चव आणण्यापूर्वी जवळपास दोन लाख लोकांना ती चाखवली होती आणि कौल नव्या चवीकडे झुकला होता. २३ एप्रिल १९८५ रोजी न्यू कोक बाजारात आलं. लोक इतके भडकले, की ७९ दिवसांत जुनं कोक परत आणावं लागलं. 'या दोन घोटांतला कोणता आवडला?' एवढाच प्रश्न चाचणीत होता. 'तुमचं जुनं पेय कायमचं बंद केलं तर?' हा नव्हता. शिवाय एका घोटाला गोड लागणारं पेय बाटलीभर प्यायला तितकंच आवडेल असंही नाही.

याची उलटी बाजू म्हणजे एरॉन खुर्ची. हर्मन मिलरच्या या खुर्चीवर बसून पाहणाऱ्यांनी आरामाला हळूहळू चांगले गुण दिले, दिसण्याला मात्र फारच कमी. गादी नाही, नुसती जाळी आणि सांगाडा! बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक या डिझायनरांनी रूप बदललं नाही. १९९४ मध्ये बाजारात आलेली ही खुर्ची पुढे भरपूर खपली आणि तिचं ते 'विचित्र' रूपच ऑफिसांत मिरवायची गोष्ट झालं. नव्या गोष्टीला 'आवडली नाही' असं उत्तर येतं, तेव्हा 'अजून सवय नाही' असाही त्याचा अर्थ असू शकतो. पाठ दुखते ही तक्रार मात्र सवयीने जात नाही. कोणती तक्रार मनावर घ्यायची आणि कोणती सोडायची, इथे डिझायनरची जाण पणाला लागते.

गैरसमज ६ : चाचण्या सर्जनशीलतेचा गळा घोटतात.

वस्तुस्थिती : गूगलचे डिझायनर डग्लस बोमन यांनी २००९ मध्ये नोकरी सोडली, तेव्हा निळ्या रंगाच्या ४१ छटांची चाचणी घेतल्याचा दाखला त्यांनी दिला. रेघ तीन पिक्सेलची असावी की पाचची, हेही सिद्ध करून दाखवावं लागतं, अशी त्यांची खंत होती. ती रास्तच होती. तरी योग्य निळ्यामुळे वर्षाला २० कोटी डॉलरची जादा कमाई झाल्याचं गूगलच्या एका अधिकाऱ्याने २०१४ मध्ये सांगितलं. तयार गोष्टीला असा शेवटचा हात फिरवायला आकडे उपयोगी पडतात. नवी गोष्ट सुचवायची असेल, तर आकड्यांबरोबर माणसं पाहावी लागतात.

त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे 'सेसमी स्ट्रीट', आपल्याकडच्या 'गल्ली गल्ली सिम सिम'चं मूळ. जुलै १९६९ मध्ये या मालिकेचे नमुन्याचे पाच भाग फिलाडेल्फियातल्या मुलांना दाखवले. संशोधनप्रमुख एडवर्ड पामर यांची पद्धत साधी होती : टीव्हीशेजारी दुसऱ्या पडद्यावर दर काही सेकंदांनी बदलणारी चित्रं लावायची आणि मुलाची नजर कधी टीव्हीवरून हलते, ते टिपत जायचं. बाहुल्या आल्या की मुलं टीव्हीला चिकटत. गल्लीतली खरी माणसं बोलू लागली की नजर भटकायची. बाहुल्या आणि माणसं एकत्र आणू नका, मुलं खरं-खोटं यात गोंधळतील, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. म्हणून दोन्ही वेगळे ठेवले होते आणि त्यामुळे मालिकेचा कणा असलेली गल्लीच सर्वांत कंटाळवाणी झाली होती.

निर्मात्यांनी तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवला. बाहुल्या घडवणाऱ्या जिम हेन्सन यांनी गल्लीत राहतील अशी पात्रं आणली : पिवळाधमक, माणसाहून उंच बिग बर्ड आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा कुरकुऱ्या ऑस्कर. १० नोव्हेंबर १९६९ रोजी मालिका सुरू झाली, तेव्हा ते दोघं तिथे होते. 'आम्हाला मोठा पिवळा पक्षी हवा' असं एकाही मुलाने सांगितलं नव्हतं. भोक कुठे आहे ते मुलांच्या नजरेने दाखवलं, ते कशाने भरायचं हे हेन्सन यांच्या कल्पनेने ठरवलं.

गैरसमज ७ : चाचणीला शेकडो माणसं लागतात. किंवा : पाच माणसं कशालाही पुरतात.

वस्तुस्थिती : हे दोन्ही समज एकाच गणिताने तपासता येतात. जेकब निल्सन आणि थॉमस लँडॉवर या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवलं, की त्यांनी अभ्यासलेल्या प्रकल्पांत एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करत होता. दुसरा काही जुन्या दाखवतो, काही नव्या. असं करत पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. म्हणून पंधरा माणसांची सोय असेल, तर एकदम पंधरा न बसवता पाच-पाचच्या तीन फेऱ्या घ्याव्यात आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये दुरुस्ती करावी, असा निल्सन यांचा सल्ला होता.

पण हे 'माणूस कुठे अडतो' एवढ्याच प्रश्नापुरतं. किती टक्के लोक विकत घेतील, दोन रंगांतला कोणता सरस, हे पाच जणांवरून ठरत नाही. तिथे शेकडो, कधी हजारो लागतात. आणि ते पाच जण आपल्याच ऑफिसातले असतील, तर मुळातच काही उपयोग नाही.

राहिला अंदाज. तो दैवी देणगी नाही आणि थोतांडही नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान यांचा तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेवर फारसा विश्वास नव्हता. गॅरी क्लाइन तिचे पुरस्कर्ते. २००९ मध्ये दोघांनी मिळून लिहिलेल्या लेखात त्यांचं दोन अटींवर एकमत झालं : क्षेत्रात काही एक नियमितपणा हवा आणि आपण चुकलो की बरोबर, हे माणसाला वेळोवेळी, स्पष्ट कळायला हवं. आग विझवणाऱ्या जवानाला ते काही मिनिटांत कळतं. डिझायनरला वर्षभराने विक्रीचा आकडा मिळतो आणि त्यात जाहिरात, किंमत, नशीब सगळं मिसळलेलं असतं. मायक्रोसॉफ्टमध्ये रॉनी कोहावी आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या प्रयोगांत जाणकारांना चांगल्या वाटलेल्या कल्पनांपैकी जेमतेम एक तृतीयांश कल्पनांनी ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं, यात नवल नाही. नुसता अनुभव वाढल्याने अंदाज पक्का होत नाही. तो खोटा ठरताना डोळ्यांनी पाहावा लागतो.

मारिओ आणि झेल्डा हे व्हिडिओ गेम घडवणारे शिगेरू मियामोतो हेच करत. निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी सांगितलं होतं, की मियामोतो नवा गेम न पाहिलेल्या एखाद्या सहकाऱ्याला धरून आणत, त्याच्या हातात कंट्रोलर देत आणि मागे उभे राहून गुपचूप पाहत. खेळणारा कुठे चुकला, काय त्याच्या लक्षातच आलं नाही, ते टिपत आणि परत कामाला लागत.

तेव्हा पुढच्या बैठकीत हा वाद पेटला, तर दोन्ही बाजूंना एकेक प्रश्न विचारावा. अंदाजावर चालणाऱ्याला : तुमचा अंदाज शेवटचा कधी चुकला आणि ते तुम्हाला कोणाकडे पाहून कळलं? आणि आकडेवाल्याला : हा आकडा नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे? पहिल्याला काही आठवत नसेल, तर त्याला वापरणाऱ्याच्या मागे नेऊन उभं करावं. दुसऱ्याला प्रश्नच सांगता येत नसेल, तर तो तक्ता बाजूला ठेवून आधी प्रश्न ठरवावा.