अग्नीवांचून वितळणारे पदार्थ

पदार्थ वितळवावयाचा तर त्यास आंच दिली पाहिजे, हा व्यवहारांतला साधा नियम. परंतु या नियमास चकविणारी एक बाटली मराठी घरांतील औषधांच्या फळीवर अनेक वर्षें उभी आहे. तिचें नांव अमृतधारा. कापूर, ओव्याचें फूल आणि पुदिन्याचें फूल हे तिचे तिन्ही घटक कोरडे, स्फटिकरूप घन पदार्थ. कापूर सुमारें १७६ अंश सेल्सिअसला वितळतो. ओव्याचें फूल, म्हणजे थायमॉल, सुमारें ५० अंशांस. आणि पुदिन्याचें फूल, म्हणजे मेंथॉल, ४२ अंशांच्या आसपास. मुंबईच्या उपनगरांत भर मे महिन्यांतही घरांतील हवा इतकी तापत नाहीं. तरीही हे तीन पदार्थ समभाग घेऊन बाटलींत एकत्र ठेवले, कीं जेथें स्फटिक एकमेकांस भिडतात तेथें प्रथम ओल धरते, आणि चुलीची ऊब किंवा पाण्याचा थेंबही न मिळतां सर्वांचा मिळून स्वच्छ, प्रवाही द्रव होतो.

हें कोडें उलगडण्यास घन आणि द्रव यांच्या सीमेवर काय चालतें तें पाहिलें पाहिजे. घन पदार्थांत कण ठराविक जागीं, शिस्तीनें बसलेले असतात. द्रवांत ते मोकळे हिंडतात. सीमेवर कांहीं कण सदैव रांग सोडून बाहेर पडतात आणि कांहीं परत रांगेंत येऊन बसतात. ज्या उष्णतामानास जाणारे आणि येणारे समसमान होतात, तोच त्या पदार्थाचा वितळबिंदु. आतां घाटकोपर स्थानकावर उभ्या असलेल्या लोकलचें दृश्य डोळ्यांसमोर आणावें. फलाटावरील सारी मंडळी त्याच गाडीची असतील, तर जितके उतरतील तितकेच चढतील व डबा भरलेला राहील. पण फलाटावरील निम्मे लोक दुसऱ्याच गाडीची वाट पाहत असतील, तर उतरणारे तितकेच, चढणारे मात्र निम्मे. डबा रिकामा होत जाईल. मिश्रणांत हेंच घडतें. द्रवांत परका पदार्थ मिसळला, कीं मूळ घनाकडे परतणाऱ्या कणांची संख्या घटते व घन झिजूं लागतो. हा तोल पुन्हां साधतो तो अधिक थंड उष्णतामानासच. म्हणजे वितळबिंदु खालीं येतो.

ही उतरण अमर्याद मात्र नाहीं. पहिल्या पदार्थांत दुसरा मिसळीत गेल्यास पहिल्याचा वितळबिंदु उतरतो. दुसऱ्यांत पहिला मिसळीत गेल्यास दुसऱ्याचा. दोन बाजूंनीं उतरणाऱ्या या दोन वाटा एका विशिष्ट प्रमाणापाशीं, दरीच्या तळाशीं यावें तशा, एकमेकींस मिळतात. त्या पदार्थांचें कोणतेंही मिश्रण याहून खालीं पूर्णपणें द्रव राहूं शकत नाहीं. फ्रेडरिक गथ्री या ब्रिटिश शास्त्रज्ञानें १८८४ सालीं अशा मिश्रणांस ‘यूटेक्टिक’ हें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सहज वितळणारें’ एवढाच आहे.

याचें सर्वपरिचित उदाहरण म्हणजे मीठ आणि बर्फ. मुलुंड, भांडुप, कांजूर या खाडीकांठच्या पट्ट्याचा मिठागरांशीं जुना संबंध आहे. तेथें निघे तसल्या जाड्या मिठावांचून घरच्या आइस्क्रीमचा संचा फिरत नसे. साखर घातलेलें दूध शून्य अंशावर गोठत नाहीं. त्याला याहून अधिक थंडी लागते, आणि नुसता वितळणारा बर्फ शून्याखालीं जात नाहीं. मीठ पडतांच बर्फ वितळूं लागतो. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारें ८० कॅलरी उष्णता लागते. ती त्या मिश्रणांतून व भांड्यांतील दुधांतून ओढली जाते, आणि दूध घट्ट होतें. वजनानें २३ भाग मीठ आणि ७७ भाग बर्फ या प्रमाणाला उणें २१ अंश ही तळाची मर्यादा आहे. त्याहून अधिक ओतलेलें मीठ न विरघळतां बुडाशीं बसतें. थंडी वाढवीत नाहीं. गृहिणी अनुभवानें तीन वाटे बर्फास एक वाटा मीठ घेत, तो वजनी हिशेब या तळाच्या अगदीं जवळ येतो. या मिश्रणांत मुलांना हात घालूं देऊं नये. इतक्या थंडीनें कातडी भाजल्यासारखी दुखावते.

धातूंनाही हाच न्याय लागू आहे. कथिल २३२ अंशांस आणि शिसें ३२७ अंशांस वितळतें; पण ६२ भाग कथिल व ३८ भाग शिसें यांचा डाख १८३ अंशांसच पातळ होतो. शिवाय तो त्या एकाच उष्णतामानास वितळतो आणि त्याच ठिकाणीं एकदम थिजतो. इतर प्रमाणांचा डाख मध्यंतरीं लगद्यासारखा राहतो, आणि त्या अवस्थेंत सांधा हालला तर कच्चा राहतो. नाजूक विद्युत्‌ जोडणीच्या कामांत म्हणूनच या प्रमाणाची महती. अंधेरीस १९७३ सालीं स्थापन झालेल्या, ‘सीप्झ’ नांवानें ओळखल्या जाणाऱ्या निर्यातक्षेत्राचा आरंभच इलेक्ट्रॉनिक मालासाठीं झाला. परंतु शिसें विषारी. युरोपीय संघानें १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील शिशावर निर्बंध घातला, आणि तिकडे माल धाडणाऱ्यांस कथिल, चांदी व तांबें यांच्या डाखाकडे वळणें भाग पडलें. तो सुमारें २१७ अंशांस वितळतो. आरोग्यासाठीं दिलेली किंमत अशी ३४ अंशांची आहे.

आतां या विषयाची नवी शाखा. २००३ सालीं इंग्लंडांतील लेस्टर विद्यापीठाच्या अँड्रयू अ‍ॅबट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शेतकऱ्यांच्या ओळखीचा युरिया आणि कोंबड्यांच्या खाद्यांत घातलें जाणारें कोलीन क्लोराइड एकत्र केलें. युरिया १३३ अंशांस वितळतो. कोलीन क्लोराइड सुमारें ३०० अंशांपर्यंत घनच राहतें. कोलीन क्लोराइडच्या एका रेणुभारास युरियाचे दोन घेतले असतां मिश्रण १२ अंशांपर्यंत द्रव राहिलें. धातूंचीं ऑक्साइडें विरघळविणारा असा द्रावक स्वस्त पदार्थांतून मिळाला. अशा मिश्रणांस ‘खोल यूटेक्टिक द्रावक’ म्हणूं लागले.

‘खोल’ हें विशेषण मात्र जपून वापरावें लागतें. कोणतेही दोन पदार्थ द्रवांत मिसळले, कीं थोडीबहुत उतरण होणारच. दोन्ही प्रकारचे कण एकमेकांशीं अगदीं तटस्थ राहिले असतां ती किती व्हावी, हें गणितानें आधीं काढतां येतें. प्रत्यक्ष तळ त्याहून बराच खालीं गेला, तरच परक्यांशीं ओढ स्वकीयांशीं असलेल्या ओढीपेक्षां बलवत्तर ठरली असें मानावें. या कसोटीवर २०१९ सालीं पोर्तुगालमधील आवैरो विद्यापीठाच्या संशोधकांनीं थायमॉल आणि मेंथॉल यांची जोडी तपासली. थायमॉलचा हायड्रोजन मेंथॉलच्या ऑक्सिजनला विशेष बळानें धरतो, आणि ही जोडी खऱ्या अर्थानें ‘खोल’ ठरते, असें त्यांनीं दाखविलें. अमृतधारेंतील तिघांपैकीं दोघे ते हेच.

तथापि वनस्पतींतून आलेला द्रावक म्हणून तो आपोआप निर्धोक ठरत नाहीं. लहान मुलाच्या पोटांत थोडासा कापूर गेला तरी झटके येऊं शकतात. म्हणून अमृतधारेची बाटली मुलांच्या हातास लागूं देऊं नये. नव्या द्रावकांनाही हाच न्याय लावला पाहिजे. घटक परिचयाचे आहेत एवढ्यावर न थांबतां प्रत्येक मिश्रणाची परीक्षा स्वतंत्रपणें केली पाहिजे. कारण मिसळल्यावर पदार्थ पूर्वीचेच राहतात असें नाहीं, हेंच तर या सर्व शास्त्राचें सार आहे.