व्हॉल्व्हची जागा

पाऊस ओसरला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत बेणणी सुरू होते आणि उतारावर ग्रास कटरचा आवाज घुमू लागतो. कान सरावलेला असेल तर त्यातले दोन प्रकार लगेच ओळखू येतात. एक किरकिरा, चढा, निळसर धूर सोडणारा टू-स्ट्रोक. दुसरा खर्जातला फोर-स्ट्रोक. खांद्याला अडकवलेली दोन्ही यंत्रं दिसायला सारखीच, पण ताजं मिश्रण आत घेण्याची आणि जळलेला वायू बाहेर टाकण्याची पद्धत दोघांत पूर्ण वेगळी असते. यंत्र किती पेट्रोल पिणार, किती धूर सोडणार, आडवं धरलं तर चालणार की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं.

टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नसतातच. सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट असतात आणि वर-खाली होणारा पिस्टनच ते झाकतो, उघडतो. फार तर कार्ब्युरेटरच्या बाजूला पातळ पात्याचा रीड व्हॉल्व्ह. वंगणाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, त्यामुळे यंत्र उलटं केलं तरी चालतं. वजन कमी, सुटे भाग मोजके, दुरुस्ती सोपी. मात्र काही क्षण आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा असे दोन्ही पोर्ट एकाच वेळी उघडे असतात. जुन्या साध्या रचनेत त्या वेळात पाव हिश्शाच्या आसपास ताजं मिश्रण न जळताच निसटतं. हे पेट्रोल मालकाच्या खिशातून जातं आणि दिवसभर यंत्र चालवणाऱ्या मजुराच्या छातीत शिरतं. त्या दुसऱ्या नुकसानाची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते.

फोर-स्ट्रोकमध्ये ही गळती जवळजवळ थांबते, कारण तिथे प्रत्येक वाटेला स्वतःचा व्हॉल्व्ह असतो. प्रश्न उरतो तो व्हॉल्व्ह बसवायचा कुठे, याचा.

सर्वांत स्वस्त उत्तर साईड-व्हॉल्व्ह. दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभे; खालून कॅम ढकलतो आणि ते उघडतात. हेड म्हणजे जवळजवळ साधं झाकण. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने १९५३ मध्ये ॲल्युमिनियमचं ओतीव इंजिन आणलं आणि अशी हलकी, ठेंगणी इंजिनं तिथल्या घरोघरच्या लॉनमोअरवर जाऊन बसली. पण व्हॉल्व्ह बाजूला, म्हणून ज्वलनकक्षही बाजूला पसरलेला. ज्योतीला लांब जावं लागतं, आणि थंड भिंतींलगतचं मिश्रण अर्धवट जळतं. हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर हेडचा आकार बदलून मिश्रणात खळबळ निर्माण केली आणि या रचनेतून बरीच जास्त ताकद काढली. तरी दाबाचं गुणोत्तर साधारण ६ च्या आसपासच अडकलं. शिवाय तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अगदी शेजारी असल्याने सिलिंडरची एकच बाजू जास्त फुगते आणि इंजिन ऑइल खाऊ लागतं.

हाच कमी दाब भारतात मात्र उपयोगी पडला. रॉकेलचा ऑक्टेन कमी असतो. जास्त दाबाच्या इंजिनात ते वेळेआधीच पेटून ठोके देतं. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायच्या पंपांना साईड-व्हॉल्व्ह म्हणूनच मानवला. रेशनचं रॉकेल आटत गेलं तसं या इंजिनांचं मुख्य बळही सरलं.

होंडाने १९८३ मध्ये जीएक्स मालिका आणली. त्यात व्हॉल्व्ह थेट पिस्टनच्या डोक्यावर, ओव्हरहेड. खाली असलेला कॅम पुशरॉड आणि रॉकर यांच्या मदतीने ते उघडतो. ज्वलनकक्ष आटोपशीर झाला, दाबाचं गुणोत्तर ८.५ पर्यंत गेलं. फरक किती पडला? होंडाचंच १९७ सीसीचं साईड-व्हॉल्व्ह जी २०० साधारण ५ अश्वशक्ती देत असे. जीएक्स १४० ने तेवढीच १४४ सीसीतून काढली. पुढे अमेरिकेत छोट्या इंजिनांच्या धुरावर १९९७ च्या मॉडेलपासून केंद्रीय मर्यादा आल्या, त्या टप्प्याटप्प्याने कडक झाल्या आणि साईड-व्हॉल्व्ह मागे पडला. जमिनीवर ठेवून चालवायच्या कामाला, म्हणजे पंप, पॉवर वीडर, जनरेटर यांना, आजही ओव्हरहेड व्हॉल्व्हइतका भरवशाचा पर्याय नाही.

खांद्यावरचं गणित वेगळं. तिथे यंत्र तिरकं होतं, उलटं होतं आणि प्रत्येक ग्रॅम जाणवतो. होंडाच्या जीएक्स ३५ मध्ये कॅमही वरच, आणि तो ऑइलमध्ये बुडून फिरणाऱ्या टायमिंग बेल्टवर चालतो. ऑइलचा फवारा इंजिनभर फिरतो, त्यामुळे इंजिन कुठल्याही कोनात चालतं. वजन साडेतीन किलोच्या आत. मिनिटाला ७००० फेऱ्यांवर यातला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला जवळपास ५८ वेळा उघडतो. जर्मनीच्या स्टील (Stihl) कंपनीने मधली वाट काढली: व्हॉल्व्ह फोर-स्ट्रोकचे, वंगण मात्र टू-स्ट्रोकप्रमाणे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचं. वेगळी टाकी नको, ऑइल बदलणं नको; पण थोडं ऑइल जळत राहतंच.

डोक्यावर व्हॉल्व्ह आले तसं एक काम वाढलं, आणि तेच सर्वाधिक टाळलं जातं: टॅपेट सेट करणं, म्हणजे व्हॉल्व्हचं टोक आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट जमवणं. साईड-व्हॉल्व्हमध्ये दांड्याचं टोक घासून अंतर जमवावं लागे. ओव्हरहेडमध्ये रॉकरचा नट फिरवला की झालं. जुन्या जीएक्स १६० ला थंड असताना इनटेकला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिलिमीटर फट लागते. फट वाढली तर टकटक ऐकू येते, म्हणून गिऱ्हाईक यंत्र घेऊन मेकॅनिककडे जातं. धोका उलट्या बाजूला जास्त आहे. सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत गेला की फट कमी होते, आवाज उलट शांत होतो, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होईना असं होतं.

वाढलेल्या फटीचीही एक खूण सहज फसवते. दोरी हलकी ओढली जावी म्हणून कॅमवरची छोटी रचना सुरू होताना एक व्हॉल्व्ह किंचित उचलून दाब सोडते. फट जास्त झाली की हे उचलणं व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. दोरी हाताला हिसका देते, मग स्टार्टर बदलला जातो, कधी कार्ब्युरेटर उघडला जातो. अशा वेळी आधी वरचं कव्हर काढून फिलर गेज घालून पाहावा; दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.