रंगभवनातली ती रात्र

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आम्हा चौघा मित्रांना धोबी तलावचे रंगभवन आठवते. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तेथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा जलसा भरत असे. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये व शाळा-कॉलेजांभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरले आणि रंगभवनातले कर्णे थांबले. रुग्णांना झोप हवी, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु लोकलने जाता येईल, गरीब मुलाच्या खिशाला परवडेल अशी दुसरी जागा आम्हाला तरी दिसली नाही. २०२२ साली जलसा मुंबईत पुन्हा झाला, तो दुसरीकडे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, बी.कॉम.ला असताना आम्ही गेलो होतो. सगळीकडे काळे टी-शर्ट. आम्ही मात्र इस्त्रीच्या शर्टात! रांगेतली मुले आपसात फाडफाड इंग्रजी बोलत होती. ती आपल्यालाच हसताहेत असे वाटून आम्ही जवळजवळ परत फिरलो होतो. रंगभवन उघड्यावरचे. पाऊस आला तसे सगळे सारखेच भिजले. गाण्याचे शब्द निम्मे कळले नाहीत, पण ड्रम सुरू होताच आमच्यातला एक मित्र उठून नाचू लागला. तो वरातीत ताशा वाजवणारा. ठेका त्याला कोणी शिकवायचा? रांगेतलाच एक मुलगा त्याच्याशेजारी येऊन नाचू लागला.

शेवटची लोकल धावत पकडली. घरी आई जागीच होती. “काय ऐकून आलात रे?” तिने विचारले. कुणालाच सांगता येईना. मग मित्राने पितळी ताट पालथे घातले.