वाडा विकणे आहे, वाडा सोडून

‘विमानतळापासून अमुक मिनिटांवर’ हे शब्द नसलेली पनवेलची जाहिरात, २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून, शोधूनही सापडत नाही. ही मिनिटे पहाटे तीनची की पळस्पे फाट्यावर ट्रक आडवा झाल्यानंतरची, ते मात्र कोणी छापत नाही. या रंगीत पानांच्या तळाशी कधीतरी चार ओळींची एक काळी-पांढरी जाहिरात असते. जुने पनवेल, मोक्याची जागा, रस्त्याला लागून, विकसनास योग्य, दलाल क्षमस्व.

अशी जागा बघायला गेलात की कळते, जागेवर एक अख्खे घर उभे आहे. हातभर उंच जोते, ओटी, पडवी, माजघर, डोक्यावर सागाचा कडीपाट, मागे परसू आणि विहीर. जाहिरातीत याचा एक शब्द नाही. असे घर गोव्यात फोंतेन्हासला असते तर जुनेपणाचे वेगळे पैसे मोजले गेले असते. मुंबईत ओव्हल मैदानाकाठच्या आर्ट डेको इमारती २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या, आणि तिथला जिना, गॅलरी, दाराची मूठसुद्धा विक्रीच्या वर्णनात येते. पनवेलला याच गोष्टींना ‘जुनं बांधकाम’ म्हणतात आणि पाडायचा खर्च किमतीतून वजा करतात.

हे वाडे आजवर टिकले ते कुणाच्या प्रेमामुळे नव्हे, असे माझे मत आहे. रेल्वे येण्याआधी मुंबईचा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरे आणि बोरघाटाच्या रस्त्याने पुण्याला जाई. देशावरचा माल उलट वाटेने इथेच येई. त्या पैशावर गाव उभे राहिले. १८४९ साली बेने इस्रायलींनी इथे बेथ एल सिनेगॉग बांधले, १८५२ साली नगरपालिका आली. मग १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली ती कल्याण-कर्जतवरून, पनवेलला बगल देऊन. गावात रूळ यायला पुढे सुमारे शंभर वर्षे लागली. पाडून नवे बांधावे इतकी घाई कुणाला नव्हती, म्हणून आळ्या राहिल्या. आता घाई आली आहे.

वाड्याचे माप खणात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि ते ठरवायचे लाकूड: तुळई जितकी पेलेल तितका खण. खोलीचे माप झाडाने ठरवायचे, ही गोष्ट मला कार्पेट एरियापेक्षा कितीतरी समजूतदार वाटते. खांब सरळ जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे ओल वर चढत नाही आणि वाळवीला लपून यायला वाट नाही. घर बघताना पहिली नजर तिथे टाकावी. नंतर कुणी फरशी उंच करून तळखडा गाडला असेल, तर त्या खांबाचा बुंधा टोच्याने टोचून बघा. टोचा लोण्यात गेल्यासारखा गेला तर समजून घ्या.

खरी गोम भिंतीत असते. या भिंती चुन्याच्या. चुनखडी किंवा किनाऱ्यावर शिंपले भट्टीत भाजायचे, कळी पाण्यात विझवायची, वाळूबरोबर घाणीत मळायची. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असे काय काय त्यात पडे, आणि दर गवंड्याचे प्रमाण वेगळे. चुना सिमेंटसारखा दिवसभरात घट्ट होत नाही. हवेतला कर्बवायू परत शोषून तो वर्षानुवर्षे कडक होत जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो श्वास घेतो. रायगडच्या पावसात भिंत ओली होणारच. चुना ती ओल पिऊन घेतो आणि दिवाळीपर्यंत बाहेर सोडतो.

घोटाळा होतो तो मालकाच्या काळजीतून. गिलावा सुटला म्हणून गवंडी बोलावतात, तो वरून सिमेंट चढवतो. मग ओलीला बाहेर पडायला जागाच उरत नाही. ती भिंतीत वर चढते, बरोबरचे क्षार आत साचतात आणि सिमेंटचा तो कडक पापुद्रा मागची जुनी भिंत घेऊन सुटतो. त्यावर तेलरंग फासला की उरलेसुरले काम होते. आमच्या घरच्या भिंतीवर हा उद्योग आम्ही दोनदा केला आणि दोन्ही वेळा दोष पावसाला दिला. जुने बांधकाम कुजते असे म्हणतात, त्यातले निम्मे दुरुस्तीने कुजवलेले असते. पुढे महापालिकेची पावसाळ्याआधीची धोकादायक इमारतींची नोटीस येते आणि विषय संपतो.

मालकांना खलनायक ठरवायची मात्र माझी तयारी नाही. दरवर्षी मे महिन्यात शाकारणीला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर कौले मिळत नाहीत. शिवाय मालक म्हणजे कोण? उताऱ्यावर पणजोबांचे नाव आणि खाली वारसांची रांग, त्यातले दोघे अमेरिकेत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला, आणि वडील तेव्हा हयात नसले तरी तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. न्याय्यच झाले. पण सह्या वाढल्या.

बिल्डर म्हणूनच एखाद्या कंटाळलेल्या वारसाचा हिस्सा आधी घेतो. इथे १८९३ चा विभाजन कायदा अजून कामाचा आहे. राहत्या एकत्र घरातला हिस्सा घेतलेला परका माणूस वाटपासाठी कोर्टात गेला, तर घरच्या हिस्सेदाराला तो हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीत परत विकत घेता येतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे त्या परक्याला घरच्यांबरोबर घरात राहायला येण्याचाही हक्क नाही. ही तरतूद आळीतल्या किती जणांच्या कानावर असते? भाडेकरू असेल तर आणखी एक माणूस धरा. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मोकळीक दिली आहे, आणि वाडा विकला म्हणून भाडेकरू उठत नाही.

मजा अशी की ज्या विमानतळाने भाव चढवले, त्याच विमानतळामुळे भोवतालच्या इमारतींच्या उंचीला मर्यादा आहे. जुन्या गावातल्या अरुंद आळीत चटई क्षेत्रही रस्त्याच्या रुंदीप्रमाणेच मिळते. पाडलेल्या वाड्यावर मनोरा उभा राहीलच असे नाही.

तेव्हा एखादा वाडा घर म्हणून घ्यायचा वेडेपणा करायचाच असेल, तर मालमत्ता पत्रकाचा ताजा उतारा काढा, तीस वर्षांचा शोध घ्या, सगळ्या वारसांच्या सह्या जुळेपर्यंत इसार देऊ नका. आणि घर जानेवारीत दाखवले तर ‘छान आहे’ म्हणून परत या. जुलैत, पाऊस चालू असताना, न कळवता पुन्हा जा.