लेगो विटा आणि शर्यतीचे व्हिडिओ गेम

लेगो विटा हे डेन्मार्कमधील बिलुंड या गावी स्थापन झालेल्या लेगो कंपनीचे प्लॅस्टिकचे रचनात्मक खेळणे आहे. एकमेकींत घट्ट बसणाऱ्या या विटांपासून घरे, यंत्रे, वाहने इत्यादींच्या प्रतिकृती तयार करता येतात. मोटारींचे संच हा या खेळण्याचा एक लोकप्रिय प्रकार असून १९९९ सालापासून त्यावर आधारित शर्यतीचे व्हिडिओ गेमही प्रसिद्ध झाले आहेत.

पार्श्वभूमी

सुटे भाग जोडून खेळणे बनवण्याची कल्पना लेगोपेक्षा जुनी आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली छिद्रे असलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या संचाचे पेटंट घेतले. हाच संच पुढे मेकॅनो या नावाने प्रसिद्ध झाला. लेगोची स्थापना ओले किर्क क्रिस्तियान्सेन या सुताराने १९३२ साली केली. आरंभी तेथे लाकडी खेळणी बनत असत. ‘चांगले खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून ‘लेगो’ हे नाव १९३४ साली तयार करण्यात आले. प्लॅस्टिकच्या विटांचे उत्पादन १९४९ साली सुरू झाले.

विटेची रचना

सुरुवातीच्या विटा आतून पोकळ असल्याने त्यांची पकड सैल असे. २८ जानेवारी १९५८ रोजी कंपनीने सुधारित विटेच्या पेटंटसाठी अर्ज केला. या विटेच्या वरच्या बाजूस गोल उंचवटे आणि आतल्या बाजूस नळ्या असतात. खालच्या विटेचे उंचवटे वरच्या विटेच्या भिंती व नळ्या यांच्यामध्ये दाबून बसतात आणि घर्षणामुळे तेथेच राहतात. डिंक किंवा खिळा लागत नाही. लगतच्या दोन उंचवट्यांच्या केंद्रांमधील अंतर ८ मिलिमीटर असते. हे माप पुढे बदललेले नाही, त्यामुळे १९५८ नंतरची वीट आजच्या विटेतही बसते.

या साध्या रचनेतून निर्माण होणाऱ्या शक्यता अफाट आहेत. आठ उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या केवळ सहा विटा ९१,५१,०३,७६५ निरनिराळ्या प्रकारे जोडता येतात.

मोटारींचे संच

१९६२ साली लेगोमध्ये रबरी धावा असलेले चाक आले आणि वाहनांच्या रचनेला चालना मिळाली. खऱ्या मोटारींच्या लहान प्रतिकृतींची ‘स्पीड चॅम्पियन्स’ ही मालिका २०१५ साली फेरारी, मॅकलारेन आणि पोर्श यांच्या परवान्याने सुरू झाली. आरंभी या मोटारींची रुंदी सहा उंचवट्यांची होती. २०२० पासून ती आठ उंचवट्यांची करण्यात आली. त्यामुळे मूळ मोटारीचा आकार अधिक हुबेहूब साधता येऊ लागला.

मोठ्या वयाच्या ग्राहकांसाठी ‘टेक्निक’ मालिकेत गिअर, स्टिअरिंग व इंजिनाची हालचाल दाखवणारे संच निघतात. २०२४ सालच्या मॅकलारेन पी१ या संचात ३,८९३ भाग आहेत. मार्च २०२५ मध्ये फॉर्म्युला वनमधील तत्कालीन दहाही संघांच्या मोटारींचे संच ‘स्पीड चॅम्पियन्स’ मालिकेत बाजारात आले. त्याच वर्षी मे महिन्यात मायामी येथील शर्यतीपूर्वी चालकांनी विटांपासून बनवलेल्या, प्रत्यक्ष आकाराच्या दहा मोटारी चालवल्या. प्रत्येक मोटारीत सुमारे ४ लाख विटा होत्या. २०२५ सालीच ‘मारिओ कार्ट’ या निन्टेन्डोच्या शर्यतीच्या गेमवर आधारित संचही आले. म्हणजे येथे गेमवरून खेळणे तयार झाले.

शर्यतीचे व्हिडिओ गेम

‘लेगो रेसर्स’ (१९९९) हा या प्रकारातील आरंभीचा गेम होय. त्यात खेळाडू आपली मोटार एकेक वीट रचून बनवू शके. मार्गात मिळणाऱ्या विटांच्या रंगानुसार मारा, अडथळा, संरक्षण किंवा वेग यांपैकी एक शक्ती मिळत असे. ‘लेगो रेसर्स २’ २००१ साली आला.

‘फोर्झा होरायझन ४’ या गेमचा ‘लेगो स्पीड चॅम्पियन्स’ हा विस्तार जून २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मॅकलारेन सेना ही मोटार संचाच्या रूपातही मिळत होती. १९ मे २०२३ रोजी आलेल्या ‘लेगो २के ड्राइव्ह’ या गेममध्ये रस्ता, कच्ची वाट आणि पाणी यांनुसार वाहन आपले रूप बदलते. टक्कर झाली की त्याच्या विटा गळून पडतात. पूर्ण किमतीच्या गेममध्ये पुन्हा वेगळ्या खरेदीची सोय ठेवल्याबद्दल त्यावर टीका झाली.

टिकाऊपणाचा प्रश्न

खऱ्या मोटारींची नावे, बोधचिन्हे आणि संगीत गेममध्ये वापरण्यासाठी घेतलेले परवाने ठरावीक मुदतीचे असतात. असे परवाने संपत आल्याने ‘फोर्झा होरायझन ४’ची डिजिटल विक्री १५ डिसेंबर २०२४ रोजी थांबवण्यात आली. आधी विकत घेतलेल्यांना तो खेळता येतो, परंतु डिजिटल दुकानात नव्या ग्राहकास तो मिळत नाही. संचांचे उत्पादनही काही काळाने थांबते. मात्र विकलेल्या विटा मालकाकडे राहतात, त्या दुसऱ्यास देता येतात आणि नव्या विटांशी जोडता येतात. डिजिटल गेम विकत घेणाऱ्याला नेमके काय मिळते, या चर्चेत म्हणूनच अशी उदाहरणे महत्त्वाची ठरतात.

भारतातील व मुंबईतील स्थिती

भारताने खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के केले. परदेशी संच भारतात महाग असण्यामागे हे एक कारण आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. लेगोच्या विटेच्या मूळ पेटंटची मुदत संपलेली आहे. तसेच विटेचा आकार हे व्यापारचिन्ह ठरू शकत नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१० रोजी दिला. त्यामुळे त्याच मापाच्या विटा इतर उत्पादकही बनवू शकतात. मात्र दुसऱ्याचे नाव किंवा बोधचिन्ह वापरण्याची मुभा त्यातून मिळत नाही. स्वस्त विटा घेताना आयएसआय चिन्ह व वयोमर्यादा पाहणे आवश्यक असते, कारण लहान भाग तीन वर्षांखालील मुलांच्या घशात अडकण्याचा धोका असतो.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर खेळण्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. लोअर परळ येथील फिनिक्स गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या व्यापारी संकुलासारख्या ठिकाणी परदेशी खेळण्यांची दुकाने आली. काळाचौकी, लालबाग, परळ या गिरणगावातील वस्त्यांत मात्र रचनात्मक खेळाची एक वेगळी परंपरा आहे. दिवाळीत चाळीतील मुले दगड, माती आणि गोणपाट यांपासून किल्ला उभारतात, त्यावर हळीव पेरतात आणि मातीचे मावळे मांडतात. या किल्ल्यासोबत सूचनापुस्तिका नसते. बुरूज कोठे व पायऱ्या किती, हे मुलेच मिळून ठरवतात. संचातील चित्र बाजूला ठेवून विटांपासून मनाजोगी मोटार रचणारे मूलही याच प्रकारचा खेळ खेळत असते.