देहबोली शिकवणारा शिक्षक : एक नवे करिअर

आमगाव, देवरी, तिरोडा किंवा गोंदिया शहर, आमच्या जिल्ह्यात कुठेही जा, हुशार मुले भेटतात. घरी उर्दू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी अशा तीन भाषा त्यांच्या गाठीशी असतात. तरी मुलाखतीच्या खुर्चीवर बसताच आवाज घशात अडकतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीला २७५ गुण आहेत. लहानसहान नोकरीतही पहिली पाच मिनिटे महत्त्वाची असतात. ही तयारी करून घेणारा माणूस आपल्याच वस्तीत का तयार होऊ नये?

मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणे ही आपल्याकडे अदब. मुलाखत घेणाऱ्याला मात्र तीच नजर आत्मविश्वासाची उणीव वाटते. हस्तांदोलन न करणाऱ्या मुलीने छातीवर हात ठेवून हसतमुखाने अभिवादन केले, तर संकोचही राहत नाही आणि उद्धटपणाही दिसत नाही. घराची तहजीब आणि कार्यालयाची रीत दोन्ही जाणणारा प्रशिक्षकच हे समजावू शकतो. मुलांनी आपली अदब सोडावी असे आम्ही म्हणत नाही. कुठे कसे वागावे, एवढे त्यांना कळावे.

या क्षेत्रात कोणत्याही शाखेचा पदवीधर येऊ शकतो. मानसशास्त्र किंवा बी.एड. असेल तर उत्तम. सुरुवात मोहल्ल्यातील दहा-बारा मुलांपासून करावी. प्रत्येकाला दोन मिनिटे बोलायला लावावे, मोबाइलवर चित्रीकरण करून त्यालाच दाखवावे. स्वतःचा दोष स्वतः पाहिला की सुधारणा लवकर होते. अनुभव आला की शाळा, महाविद्यालये आणि स्पर्धा परीक्षेचे वर्ग यांच्याकडे जावे. आयटीआयमध्ये तर रोजगारक्षम कौशल्ये हा विषयच अभ्यासक्रमात आहे. सुरुवातीला उत्पन्न अनियमित असते, म्हणून हातची नोकरी सोडण्याची घाई नको.

एक सावधगिरी. 'संवादात शब्दांचे मोल फक्त ७ टक्के, आवाजाचे ३८ आणि देहबोलीचे ५५' असे अनेक प्रशिक्षक छातीठोकपणे सांगतात. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतले आहेत. ते प्रयोग भावना आणि आवड-नावड यांपुरतेच होते, सगळ्या बोलण्याला ते लागू नाहीत. विषयाचे ज्ञान नसेल तर ताठ बसून काय उपयोग? आधी अभ्यास, मग देहबोली.

आपल्या घरातील बोलक्या मुला-मुलींना ही वाट जरूर दाखवा. मुलींना तर विशेष, कारण मुलींचे वर्ग घ्यायला शिक्षिका असली की आई-वडीलही निर्धास्तपणे पाठवतात.